दॅटच्या अलीकडे

खानापूर, स्टेशन रोड. मिरचीच्या दुकानावरची खोली,
सहाची बॅच, सगळ्यांना एकेक शिंक येऊन गेलेली.
फळ्यावर लिहिलं: आय ॲम ग्लॅड दॅट…
पुढचं तुम्ही भरा.

भरमा हलगेकर उठला.
“मॅडम, काय घडलं ते कळायच्या आधीच
खूश कसं व्हायचं?”

खरंच की.
इंग्रजी आधी चेहरा दाखवते,
मग दॅटचा उंबरा, मग आत बातमी.
खिडकीजवळची नीलव्वा म्हणाली, आमच्यात उलटं.
सगळं सांगून झालं की ‘अंत’
(शेवट नव्हे, नुसतं ‘असं’)
आणि मग कुठं हसायचं की रडायचं ते.

मराठी बाकांना दोन्ही चालतं.
बरं वाटलं की तू आलास.
तू आलास म्हणून बरं वाटलं.
इथं तर ‘तू येणार म्हणून ठाऊक होतं मला’ हेही खपतं,
पुण्याचा परीक्षक त्याखाली लाल रेघ ओढील,
ओढू दे.

वह्या तिथंच तपासल्या.
भरमा: आय ॲम शुअर दॅट बस लेट आहे.
पाच जणांनी त्याचंच उतरवलेलं, लेटच्या चुकीसकट.
नीलव्वाला ‘अफ्रेड’ आलं होतं.
तिनं दॅट खोडून
पूर्णविराम दिला होता, गोल, ठळक.

वाक्य पुरं आहे.
व्याकरणात चूक नाही.
मार्क द्यावाच लागतो.

साडेसातच्या नंदगड गाडीपर्यंत
मी तिच्याबरोबर स्टँडवर उभी राहिले.
कशाची, हे विचारलं नाही.
गाडी खरंच लेट होती.