चिंचोके

समोरच्या पंक्चरच्या दुकानात बसून मोजतो :
फळ्यापुढं जो थांबला, त्याचा एक चिंचोका डब्यात.

सोमवारी सुविचार. चार.
त्यातला एक उकंड्याचा, तो खडू मागायला आला होता.
मंगळवारी तुमसरच्या धानाचा भाव. सव्वीस.

मग अक्षर खाली उतरवलं, सायकलवरच्या पोरींच्या नजरेला;
नऊनंतर ऊन येतं म्हणून डावीकडं सरकवलं.
एक्केचाळीस.

रात्रीची लाइन किती वाजता जाणार, ते लिहिलं त्या दिवशी
डबा पुरला नाही.

डोमाजी दादमल मात्र रोज येतो,
टोपी काढून उभा राहतो, सगळ्यांहून जास्त वेळ.
आज विचारलं.
"वाचता नाई येत बाबू. तू लिवतेस, म्हून पायतो."

अजून मुठीतच आहे
तो चिंचोका.