गाठोडं, आवृत्ती १.४.१

क्लायपेदा बंदराच्या वजनकाट्यावर
दिवसभर ट्रक तोलते दैवा.
रिकामा इतका, भरलेला इतका, सही करा, पुढचा.
रात्री ताटली विसळून झाली
की स्वयंपाकघरातल्या टेबलावर
दुसरं गाव उघडते.

ते नकाशात नाही.
चौसष्ट माणसं मावतात त्यात, पासष्टावा दारात थांबतो.
गाव तिच्या मुलाचं, ऐमांतासचं.
'दोन आठवडे बघ गं सर्व्हर,
बर्गेनला काम मिळतंय का पाहून येतो.'
काम मिळालं.
याला आता सहा वर्षं झाली.

आली तेव्हा सगळा पसारा होता.
टॅक्सीची स्क्रिप्ट उघड्यावर,
बेकरीच्या तीन: 'नवी', 'नवी२', 'खरंच शेवटची',
पोलिसाची शिट्टी भलत्याच फोल्डरात वाजायची.
तिला लुआ येत नव्हती. पसारा आवरता येत होता.
एकेकीला समोर घेऊन विचारत गेली,
तुझं कोणावाचून अडतं?
टॅक्सीचं अडत होतं पैशावाचून,
पैशाचं बँकेवाचून,
बँकेचं एका घड्याळावाचून,
आणि घड्याळ कोणाचं, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मग तिनं बांधायला घेतलं.
एका कामाचं एक गाठोडं, वर चिठ्ठी:
नाव, आवृत्ती, कर्ता, आधी काय हवं.
एक सोडलं तर शेजारचं सांडू नये
अशी गाठ.
कर्त्यांपैकी निम्मे आता उत्तर देत नाहीत.
कोणी लग्न केलं, कोणी दुसऱ्या खेळात गेला,
ग्विदास नावाचा एक तर नुसता ग्विदास होता,
आडनाव नाही, पत्ता नाही,
पण गोठलेली खाडी त्याची होती,
आणि तिच्यातले काकडीच्या वासाचे मासेही.
वास अर्थात येत नाही. मासा पकडला की
पडद्यावर अक्षरं उमटतात: काकडी.

त्याच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती,
थांब चारशे.
आणि शेजारी: हे काढू नका.

चारशे म्हणजे हजारातले चारशे,
अर्धा सेकंदसुद्धा नाही.
ती काट्यावरची बाई, रिकामं वजन तिला खपत नाही.
काढली.
गाठोडं पुन्हा बांधलं,
चिठ्ठीवर ऐटीत लिहिलं: २.०.

शनिवारी रात्री एक्केचाळीस जण
गिरमिटं, बादल्या, घडीच्या खुर्च्या घेऊन खाडीवर आले
आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस
सरळ खाली गेले.
निवृत्त बाई नियोले, पानेवेझिसचा तो तोतरा पोरगा,
बापलेकांची एक जोडी, खुर्चीसकट.
सगळे इस्पितळाच्या दारात उभे राहिले, कोरडे,
आणि एकदम बोलायला लागले.

पहाटे दोनपर्यंत ती शोधत होती.
सापडलं ते इतकंच:
माणसाचे पाय आधी पोचतात,
बर्फ मागून येतो.
चारशे त्याच्यासाठी होते.

ओळ परत घातली.
२.० पुसून १.४.१ लिहिलं,
कर्ता ग्विदास, तसाच ठेवला.
'हे काढू नका'च्या खाली
एक ओळ स्वतःची: का ते आता माहीत आहे. — दैवा
कोणी वाचणार नाही. ओळ कोणी वाचतं ती
काढायला निघाल्यावरच.

रविवारी ऐमांतासचा फोन.
पाठीमागे नॉर्वेजियन रेडिओ, भांडी, कोणीतरी हसतंय.
म्हणाला, 'आई, बंद करून टाक ना आता ते.
कोण खेळतं अजून?'

ती थांबली.
फार नाही.

मग म्हणाली, 'तिकडं बर्फ पडला का रे?'