हुंड्याऐवजी

पालेन्सियाच्या वेशीबाहेर माझा निळीचा हौद आहे.
हात कोपरापर्यंत निळे.
चर्चमध्ये मी ते टोपीखाली धरतो.

मुलगी नवऱ्याला द्यायची तर हुंडा लागतो,
मठात द्यायची तरी लागतोच,
देव फक्त थोडा कमी मागतो.
तेवढाही नव्हता.
मदर लिओकादियानं विचारलं, हिला येतं काय?
किटेरियानं बाहोन उचललं,
मेलेल्या मामाचं, लाकडी, कमरेपर्यंत येणारं,
आणि एकच सूर लावला.
तळघरातला.
मदर म्हणाली, इथे बायकाच बायका,
वरचे गळे पुष्कळ, तळ कुणालाच नाही.
हुंडा माफ.

सहा वर्षं झाली.
दर पवित्र गुरुवारी मी जाळीच्या अलीकडे उभा.
जाळीला बाहेरून खिळे,
खिळ्यांमागे काळा पडदा,
पडद्यामागे ती.

मोटेट सुरू होतं तेव्हा कुणीतरी एकटीच निघते.
दुसरी तेच शब्द घेऊन तिच्या मागून, जरा खालून.
तिसरी निघेपर्यंत पहिली कुठल्या कुठे गेलेली.
कुणी कुणासाठी थांबत नाही
आणि तरी चुकामूक होत नाही.
शेजारचा कातडेवाला सांगतो,
अख्खं गाणं कुणाच्याच हातात नसतं,
ज्याची त्याची वही वेगळी,
बाकीच्या कुठे आहेत ते कानानंच धरायचं.

लॅटिन मला येत नाही.
चार गळे काय मागतात ते देव जाणे.
बाहोनला मात्र शब्द नसतात,
पाचव्या वहीत नुसते सूर.
तेवढंच मला समजतं.

आणि मग ती जागा येते.
वरच्या साऱ्या जणी पुढच्या घरात पोचतात
आणि तिचा सूर मागच्याच उंबऱ्यावर.
घासतं.
घासात खडा यावा तसं.
पहिल्या वर्षी मला वाटलं, चुकली पोरगी,
आता हुंडा मागतील.
टोपी पिळून काढली मी.
तेवढ्यात ती एक पायरी,
एकच,
खाली उतरली
आणि सगळं बसलं.

हे मला ठाऊक होतं की.
हौदातून काढलेली लोकर आधी हिरवी असते,
आजारी हिरवी.
नवी पोरं घाबरतात, परत बुडवू म्हणतात.
मी म्हणतो, हात लावू नका, वारा लागू दे.
वाऱ्यावरच निळी होते ती,
हौदात कधीच नाही.

घरी बायको विचारते, दिसली?
नाही.
मग?
सगळ्या थांबल्यावर घुमटात जे उरलं ना थोडा वेळ,
त्यातलं सगळ्यात खालचं.

ती पाव कापत राहते.
बऱ्याच वेळानं, सुरीकडेच बघत,
जेवलेली वाटली का?

श्वास पुरत होता तिला,
मी म्हणतो.