सोळावर

सातमीला चूल पेटत नाही. काल रात्रीचे थेपले,
दह्याचं भांडं, टेबलावर मेणकापड.
शेजारी कांताबेनकडे तीन पत्ती रंगलीय,
भिंतीतून गलका येतो, दर श्रावणात येतो तसा.
आमच्याकडे यंदा एकवीस.
मी पणजीला जाणार, ऑफिसच्या सात जणांबरोबर,
बोटीवरच्या कॅसिनोत,
म्हणून हेरंबकाकांनी शिकवणी लावलीय.

अठ्ठावीस वर्षं कॅशियर, दांडिया बाजार शाखा.
पत्तेसुद्धा नोटांसारखे मोजतात,
अंगठा ओला करून.
वालाचे दाणे वाटतात, वीस तुला, वीस मला.
"हे किती?"
"वीस."
"चार हजार. आणि ते गेलेच आहेत.
वडोदरा स्टेशनात गाडीत पाय ठेवलास तेव्हाच गेले.
नाटक पडलं म्हणून तिकिटाचे पैसे परत मागतं का कोणी?
कार्ड घरी, कपाटात. किल्ली काकूकडे."

एका डावाला एक दाणा.
हरलीस तरी एकच.
"दुप्पट करत गेलेले मी काचेच्या या बाजूने पाहिलेत.
सोमवारी साडेदहाला यायचे, एफडी मोडायला,
बायकोची सही आधीच घेऊन."

वाटणाऱ्यापुढे पाच किंवा सहा दिसला, आणि तुझे बारा झालेत,
तर गप्प बस, त्याला फुटू दे.
एक्क्यांची जोडी फोड. आठांची फोड.
दहांच्या जोडीला हात लावशील तर माझं नाव सांगू नकोस.
तो विमा विचारेल, मान हलवायची.
काकू आतून:
"जन्मभर एलआयसी भरली, आता म्हणे विमा नको."

"आणि तुझे सोळा, त्याचा दहा?"
"थांबायचं."
"ओढायचं. बहुतेक वेळा हरशीलच.
थांबलीस तर जरा जास्त हरशील.
हरण्यातही कमीजास्त असतं, ते ज्याला…"
वाक्य तिथंच. थेपला मोडून दह्यात बुडवतात.

ते एकदाच गेले होते, निवृत्तीच्या वर्षी,
दोन हजार घेऊन.
"जिंकलात?"
"सहाशे. नऊ चाळीसला उठलो."
"मग?"
"मग काय. बस एक वाजता.
डेकवर बसलो. तीनदा भजी खाल्ली.
मांडवीत दिवे हलत होते, ते बघितले.
आत सगळे ओरडत होते, हरणारेसुद्धा."

रात्री पाणी प्यायला उठले,
तर टेबलावरचा दिवा चालू.
काका एकटे, दोन हात वाटलेले.
माझ्या खुर्चीपुढे दहा.
त्यांच्यापुढे नऊ आणि सात.
बोट गड्डीवर ठेवलेलं,
ओढत नव्हते.

मी दारातच थांबले, पेला हातात.
भिंतीपलीकडे कोणीतरी "शो!" म्हणून ओरडलं
आणि काकांनी, दचकून,
दाणा उचलून परत आपल्या ढिगात ठेवला.