सैल राहिलेली पिशवी

बूट दारातच काढ, ब्रिजर. तळघराच्या पायऱ्या अरुंद आहेत,
चौथी कुरकुरते, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.
बादल्या उचलायला बोलावलंय तुला, हे खरं,
पण आलाच आहेस तर हातही धू. कोपरापर्यंत.
आणि कोरडे पूस. ओला हात इथे चालत नाही.
एक थेंब, की वीस वर्षांची बेगमी बुरशीच्या नावे.

हे बघ. हिरव्या वाटाण्याची डाळ दोन वाट्या,
बार्ली एक, मसूर एक,
वाळवलेलं गाजर मूठभर. तुझी मूठ नको, माझी,
तुझी आता बापाएवढी झालीये.
कांदा. तमालपत्र एकच,
तेही मधोमध खुपस, टोकानं पिशवीला भोक पडतं.
रश्शाची वडी यात नाही घालायची.
तिच्यात चरबी असते, चरबी खवट होते,
आणि एकटी होत नाही, सगळ्यांना घेऊन होते.
थेन ऐकायचा नाही. म्हणायचा, सगळं एकत्रच बरं,
भुकेच्या वेळी कोण शोधत बसणार?
त्याच्या पिशव्या मी मागाहून उघडून पुन्हा भरायचे.
त्याला कळत असणार. बोलला नाही कधी.

आता घाई कर.
या चपट्या पुड्यांत लोखंडाची भुकटी आहे,
हवा लागली की गंजते,
गंजता गंजता पिशवीतला प्राणवायू खाऊन टाकते.
हातात धर. कोमट लागली ना?
म्हणजे कामाला लागली. टाक आत.
ही धाकटीची केस सरळ करायची इस्त्री.
ती बॉयसीला गेली आणि केसच कापून टाकले तिनं,
इस्त्री मला राहिली. दाब. दहा मोज.
चांदीच्या कागदाला सुरकुती पडू देऊ नकोस,
सुरकुतीतूनच सगळं आत येतं.

कशासाठी म्हणतोस?
भूकंप, युद्ध, आभाळातून काही पडेल...
आम्हालाही तेच वाटायचं रे.
भरताना मी खिडकीतून डोंगराकडे बघायचे,
संकट तिकडून येईल म्हणून.
ते टपालानं आलं. साखर कारखान्याचं पाकीट,
आत अर्ध्या पानाचं पत्र, थेनचं नावही चुकलेलं.
त्या हिवाळ्यात अकरा आठवडे आम्ही या फळीवर जगलो.
रविवारी चर्चला कडक इस्त्रीचे कपडे,
घरी आल्यावर हिरवं सूप.
पोरं म्हणायची, पुन्हा हिरवं?
मी म्हणायचे, आज मिरी जास्त आहे.
रात्री थेन खाली यायचा, उरलेले डबे मोजायचा,
वर येऊन आकडा सांगायचा नाही.
मीही विचारायचे नाही,
संध्याकाळीच मोजून आलेली असायचे.

लेबलवर वर्ष लिही. आजचं.
पुढचं लिहू नकोस. मी एकाहत्तर वर्षांची आहे,
पंचवीस वर्षं टिकेल असं लिहिताना
हात उगाच हसतो.

या कालच्या बारा. चाचपून बघ.
आतली हवा गेली की कागद दाण्यांना घट्ट धरतो,
विटेसारखी होते पिशवी, दाणा न् दाणा बाहेरून मोजता येतो.
अकरा झाल्यात. ही एक सैल राहिली.
कुठेतरी सुरकुती असणार. वाईट नाही ती,
फक्त थांबणाऱ्यांतली नाही.

तर ही सैल आणि बाकीच्या सहा, त्या निळ्या बादलीत.
बादली तू घरी न्यायचीस.
आईला सांग, वर्लीनकडे फळीवर जागा उरली नाही.
मान हलवू नकोस. खरंच नाही उरली.
तुझ्या बापाची गाडी तीन आठवडे अंगणातच उभी दिसते,
मी काही विचारलंय का?
सैल असलेली आजच शिजवा. तासभर मंद आचेवर,
मीठ शेवटी, नाहीतर डाळ हट्टाला पेटते.

जा आता, अंधार पडतोय.
आणि थांब, थांब,
रश्शाच्या वड्या विसरलास.
त्या वेगळ्या बांधल्यात.