परतीचं तिकीट

नावं ठेवायला ते तिकडे ड्युसेलडॉर्फला बसले होते.
हर्मीस केव्हाच टपालात अडकलेला,
ॲटलास नकाशांखाली वाकलेला,
शंभर डोळ्यांचा आर्गोस लॉग वाचत जागा.
उरला होता नावाडी.
बोटींची तिकिटं काढणाऱ्या सॉफ्टवेअरला
नावाडीच हवा, नाही का?
टाळ्या झाल्या म्हणे. मग कॉफी.
प्रकल्प खारोन.

मी इकडे पिरेयसला, तिसऱ्या मजल्यावर,
त्याच्या चुका वेचणारा.
काही बोललो नाही. घरी मात्र
आईसमोर त्याला 'ते काम' म्हणायचो.
आमच्याकडे खारोस पुस्तकात राहत नाही,
काळ्या घोड्यावरून
गेल्याच वर्षी शेजारच्या स्टेलियोसकडे येऊन गेला.

सांकेतिक नाव आतल्या आत राहील,
करारात तसं कलमच होतं.
पण फेब्रुवारीत, वारा नऊवर,
बोटी साखळदंडाला,
चाचणीचा संदेश रात्री सुटला तो थेट
चारशे बारा फोनांवर:
'खारोन आपली वाट पाहत आहे. गेट ई-एक.'

कोणी शिव्या दिल्या. कोणी मेणबत्ती लावली.
लेरोसच्या एकानं पैसे परत मागितले,
कारणाच्या रकान्यात लिहिलं: इतक्यात नको.

सकाळी मला खाली बोलावलं.
काउंटरशी कीरा सेवास्ती, कालिम्नोसची.
नवरा स्पंज काढायला बुडी मारायचा,
एकदा वर आलाच नाही.
संदेश तिनं नातवाकडून छापून घेतलेला,
चार घड्या घालून.
त्यावर एक नाणं ठेवलं,
द्राख्मा, कधीचा बाद झालेला.
'पोरा, जायचं तर आहेच. एवढंच बघून सांग,
हे एकेरी आहे की परतीचं?'

मी हसणार होतो.
'यात परतीची सोय नाही अजून.'
'मग घाल की. लिहितोस तूच ना?'

वर आलो, प्रोग्राम उघडला.
बघतो तर एकेका फंक्शनच्या तळाशी
तोच शब्द बसलेला: रिटर्न.
अकरा वर्षं रोज लिहीत होतो,
अर्धविराम देऊन
पुढच्या ओळीवर जात होतो.

नाव पुढे बदललं. आता तो 'प्रकल्प सात'.
एका जुन्या फाइलीत मात्र तो अजून उभा आहे, वल्ह्यासकट.
पुसायला कोणी धजत नाही,
ड्युसेलडॉर्फही नाही.
नाणं माझ्या कीबोर्डखाली,
टाइप करताना एक कोपरा डुगडुगतो.

सेवास्ती शुक्रवारी गेली, समुद्र निवल्यावर,
खिडकीची जागा मागून.
परतीची तारीख तिनं
कोरी ठेवायला लावली.