मिलीलिटर

मी रुवीत टँकरचा हिशेब ठेवतो.
निळा गोड्या पाण्याचा, पिवळा सांडपाण्याचा.
सहाशे गॅलन, हजार, अठराशे,
कुठल्या व्हिलात गेला, कुणाची सही.
पाणी अडलं की फोन मलाच येतो.

तुझं अडलेलं
तू जन्मायच्या आधीच पडद्यावर दिसलं होतं,
डावीकडे काळा डाग, वाटाण्याएवढा.
"पुष्कळदा आपोआप उतरतं, बघू या," म्हणाले,
आणि आम्ही चार वर्षं बघत राहिलो.
मग पाणी प्यायलीस की कुशीत दुखायचं,
शाळेतून निरोप यायचा, पुन्हा उलटी झाली,
आणि तुझी आई दुपट्टा न घेताच जिना उतरायची.

डॉक्टर इद्रिस सुदानचे.
कागदाच्या पाठीवर त्यांनी घेवडा काढला,
घेवड्याला देठ,
देठाच्या तोंडाशी पेन दाबून धरलं.
"एवढंच. हे कापायचं, पुन्हा जोडायचं."
शाई पलीकडे उमटली होती.

रिपोर्टात डावी अडतीस टक्के, उजवी बासष्ट.
तू विचारलंस, मग पहिला नंबर कुणाचा?

विम्याच्या खिडकीतल्या मुलानं
एका शब्दावर बोट ठेवलं. जन्मजात.
जन्मासोबत आलेलं पॉलिसीत बसत नाही, सर.
मी म्हटलं नाही
की जन्मासोबत तर सगळंच येतं.
दोन वर्षांच्या तिकिटांचे पैसे रोख उचलले.
खेडला आईला कळवलं, यंदा रजा नाही.
ती म्हणाली, बरं,
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

तुला आत नेल्यावर समोरच्या खुर्चीत
निझवाकडचे सैफबाबा होते, नातवाच्या टॉन्सिलसाठी आलेले.
त्यांच्या खजुरीला फलजचं पाणी,
आठ दिवसांनी पाळी, अर्धा तास.
पूर्वी ताऱ्यावर मोजायचे, आता मोबाइलवर.
मी उगाच विचारलं, भुयारात गाळ अडकला तर?
"पूर्वी लहान पोराला आत सोडायचे.
मोठा माणूस मावत नाही."
मग ते माझ्याकडे बघून गप्प झाले,
आणि थर्मासमधला काहवा माझ्यापुढे सरकवला.

तीन तास दहा मिनिटं.

तुझ्या कुशीतून एक नळी, खाली पिशवी,
पिशवीवर रेघा.
लिसम्मा सिस्टर दर तासाला वाकून लिहायच्या,
मी त्यांच्याआधीच वाचून ठेवायचो.
वीस. पस्तीस.
मध्यरात्री हललंच नाही, मी बेल दाबली,
तर नळी तुझ्याच मांडीखाली दुमडली होती.
आधी लाल, मग काळ्या चहासारखं,
पहाटे भिजवलेल्या मेथीच्या पाण्यासारखं.
एवढ्या थोड्या पाण्याची पावती
मी कधी केली नव्हती.
झुलेखा एकदाच बोलली:
"कापलेला तुकडा कुठे ठेवला त्यांनी?"
तपासायला गेलाय, म्हटलं.
"केवढा होता?"
मला कुणी दाखवला नव्हता. मी म्हटलं, तांदळाएवढा.

आत एक बारीक नळी राहिली सहा आठवडे,
दोन्ही टोकांना वळलेली.
तू वर्गात सांगून आलीस,
माझ्या पोटात दोन जे आहेत.
बाईंनी वहीत तारा दिला.
काढताना मात्र तू मला चावलीस,
अंगठ्याखाली, अजून खूण आहे.

तीन महिन्यांनी एकेचाळीस.
डॉक्टर इद्रिस हसले, तुझ्याशी हात मिळवला.
मी टॅक्सीत हिशेब करत बसलो
तीन टक्क्यांचे गॅलन किती,
आणि तो काही जमेना.

आता रात्री तू उठतेस, एकटी जातेस,
दिवा लावायला टाचा उंचावतेस.
गच्चीवरची टाकी अर्धी असेल, पंप बंद,
बाहेर एसीचं पाणी डब्यात ठिपकतं.
मी दाराबाहेर श्वास धरून उभा.

आणि मग तो आवाज.
जोरात, न अडखळता, लांब.

"बाबा, तू ऐकतोयस ना? जा ना!"

अर्शिया, मी दोन पावलं मागे सरतो.
तिथूनही ऐकू येतं.